आंबोळगडच्या किनाऱ्यावर सात दिवस: एका नेतृत्व प्रशिक्षण शिबिराचे परीक्षण

गेल्या जानेवारीत राजापूर तालुक्यातील आंबोळगड येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सात दिवसांचे निवासी नेतृत्व प्रशिक्षण शिबिर भरले होते. रत्नागिरीतील एका महाविद्यालयात भूगोलाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना मी त्यात सहभागी झाले. शिबिर घेणाऱ्या संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. पुढे काही गंभीर त्रुटींविषयी लिहायचे आहे, त्या त्रुटी मी संस्थेला पत्राने कळवल्या आहेत, आणि नावापेक्षा अशा शिबिरात नेमके काय पाहावे हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अधिक उपयोगाचे आहे असे मला वाटते. शुल्क ६,८०० रुपये होते. त्यात जेवण, तंबू आणि प्रशिक्षण यांचा समावेश होता, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा होता. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, आडिवरे असा किनाऱ्याचा रस्ता असल्याने मला अडचण आली नाही. परंतु मुंबईहून आलेले विद्यार्थी कोकण रेल्वेच्या राजापूर रोड स्थानकावर उतरले आणि ते स्थानक राजापूर गावापासूनच बरेच दूर असल्याने त्यांना संस्थेच्या गाडीची दोन तास वाट पाहावी लागली.

याआधी मी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर केले होते. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, आणि त्या शिबिरात बंधारा घालताना, गावात सर्वेक्षण करताना मी जे शिकले त्याचे मोल मला आजही वाटते. तरीही तेथे दिवसाचा कार्यक्रम आधीच ठरलेला असे, अडचण आली तर प्राध्यापक ती सोडवत, आणि गटप्रमुख म्हणून माझ्या वाट्याला हजेरी घेणे व सूचना वाचून दाखवणे एवढेच येत असे. गटाची जबाबदारी खरोखर स्वतःवर घेण्याची वेळ माझ्यावर आंबोळगडला पहिल्यांदा आली, आणि या शिबिराची सर्वांत मोठी जमेची बाजू मी हीच मानते.

ही पद्धत संस्थेने स्वतः शोधलेली नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी प्रशिक्षकांनी ते मोकळेपणाने सांगितले. १९४१ साली कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही या किनारी गावात ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली, ती महायुद्धाच्या काळात तरुण खलाशांना संकटात टिकून राहण्याचे शिक्षण देण्यासाठी. पुढे १९६५ साली पॉल पेट्झोल्ट यांनी अमेरिकेतील वायोमिंगमध्ये ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ सुरू केले. तेथे प्रत्येक विद्यार्थी आळीपाळीने एका दिवसापुरता गटाचा प्रमुख होतो, आणि आमच्या शिबिरात हीच प्रथा ‘दिवसप्रमुख’ या नावाने पाळली जात होती. आम्ही चोवीस विद्यार्थी बारा-बारांच्या दोन गटांत होतो. दररोज प्रत्येक गटात दोन दिवसप्रमुख असत, त्यामुळे सहा दिवसांत बाराही जणांना संधी मिळाली. उठण्याची वेळ, वाट, विश्रांती, पाणी, मागे पडणाऱ्याची काळजी, हे सारे दिवसप्रमुखांनी ठरवायचे. प्रशिक्षक सोबत चालत, पण जिवाला धोका दिसेपर्यंत ते तोंड उघडत नसत.

दुसरा दिवस नकाशा आणि होकायंत्र यांचा होता. कोकणातील सडा पाहिलेल्यांना ठाऊक असेल की तेथे वाट चुकणे किती सोपे असते: जांभ्याचा सपाट, उघडा कातळ दूरवर पसरलेला असतो, खूण म्हणून धरावे असे झाड नसते, आणि मधली घळ जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. दिशाकोन घेणे, पावले मोजून अंतर काढणे, नकाशावरील समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांवरून उतार ओळखणे हे सकाळी शिकवल्यानंतर दुपारी आम्हाला देवाचे गोठणे येथील सड्यावर नेण्यात आले. त्या सड्यावरील कातळशिल्पापाशी, म्हणजे कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रापाशी, होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते, हे मी वाचले होते. पण सूर्य डोळ्यांसमोर पश्चिमेकडे कललेला असताना हातातील सुई त्याच्याशी मेळ न खाणारी उत्तर दाखवते आहे, हे प्रत्यक्ष पाहणे वेगळेच होते. त्या दिवशीच्या एका प्रमुखाला प्रशिक्षकांनी एवढेच विचारले की आता कोणावर विश्वास ठेवशील. त्याने सूर्य, खालची खाडी आणि नकाशा यांचा मेळ घातला, सुई बाजूला ठेवली आणि आम्हाला अचूक परत आणले. भूगोलाच्या वर्गात तीन वर्षांत होकायंत्राच्या मर्यादेविषयी मी जे शिकले नव्हते ते त्या अर्ध्या तासात शिकले. आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवते. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली समाविष्ट झालेल्या कोकणातील कातळशिल्पांपैकी हे एक स्थळ आहे, आणि प्रशिक्षकांनी एकाही विद्यार्थ्याला रेषांवर पाय ठेवू दिला नाही. साहस शिबिरांत अशी जपणूक क्वचितच दिसते.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी आंबोळगडहून वेत्येमार्गे कशेळीपर्यंत किनाऱ्याने चालत जायचे होते, आणि चौथ्या दिवशी दोन दिवसप्रमुखांपैकी एक मी होते. या दिवसाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शिबिराची खरी किंमत मला तेथेच कळली. वाटेत एके ठिकाणी डोंगराचे नाक थेट समुद्रात उतरते आणि त्याच्या पायथ्याने ओहोटी असतानाच जाता येते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आम्हाला आदल्या रात्री शिकवला होता: तिथीला पाऊणपट करायचे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्या दिवशी षष्ठी होती, म्हणून साडेचार. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने आपल्या भागात पाणी मुंबईच्या थोडे आधी भरते, म्हणून चारच्या आसपास. म्हणजे पूर्ण ओहोटी दहाच्या सुमारास, आणि अकरापूर्वी ते नाक ओलांडलेले असले पाहिजे. हा सगळा हिशेब मी वहीत व्यवस्थित मांडला होता.

प्रत्यक्षात न्याहारीला उशीर झाला. एका मुलाच्या टाचेला फोड आला, त्याला पट्टी बांधण्यात वीस मिनिटे गेली. पुळणीवरची मऊ वाळू पायाखालून सरकत असल्याने आमचा वेग मी धरला होता त्याच्या निम्म्यावर आला, आणि आम्ही त्या नाकाशी पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पाणी चढत होते. खडकांच्या मधल्या चिरेत लाट शिरत होती आणि पुन्हा मागे ओढली जात होती. गटातील बहुतेकांचे म्हणणे होते की गुडघाभर पाणी आहे, दहा मिनिटांची बाब आहे, हात धरून निघून जाऊ. उलट वर सड्यावर चढून वळसा घालायचा तर भर उन्हात दोन तास जास्त चालायचे होते आणि पाणीही बेताचेच उरले होते. मी प्रशिक्षकांकडे पाहिले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळले नाही. मी वर चढायचा निर्णय घेतला. दोघे जण माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. सड्यावर एका बागेच्या गडग्याशी राखणदाराने आम्हाला विहिरीचे पाणी दिले, आणि मुक्कामाला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता.

रात्रीच्या आढावा बैठकीत माझे कौतुक होईल अशी माझी अपेक्षा होती, हे मान्य करते. प्रशिक्षकांनी निर्णय योग्य होता एवढे एका वाक्यात सांगितले आणि मग विचारले की तो निर्णय घेण्याची वेळ कोणती होती. मी साडेबारा म्हणाले. त्यांनी वही उघडायला सांगितली. अकरापर्यंत ओलांडायचे, असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. दहा वाजता आम्ही अर्ध्या वाटेवरही नव्हतो, आणि तेथून सड्यावर जाणारी सोपी, सावलीची पाखाडी (पायवाट) आम्ही मागे टाकून आलो होतो. दहा वाजताच वाट बदलली असती तर एक तास वाचला असता, पाणी पुरले असते आणि पाण्याकाठी उभे राहून गटाशी वाद घालण्याची वेळच आली नसती. मी काही चुकीचे केले असे कोणी म्हटले नाही. पण योजना मोडली आहे हे कळल्यानंतर अडीच तास मी ती मोडलेली नाही असे धरून चालत राहिले होते, आणि ते मला इतक्या स्पष्टपणे यापूर्वी कोणी दाखवून दिले नव्हते. ती बैठक पाऊण तास चालली. तिच्यात एकदाही कोणाचा अपमान झाला नाही, आणि जे दोघे माझ्यावर रागावले होते त्यांनाही आपली बाजू पूर्ण मांडू दिली गेली. असे प्रशिक्षक मिळणे दुर्मीळ आहे, आणि केवळ या बैठकांसाठीही मी हे शिबिर करण्याची शिफारस करीन.

म्हणूनच पाण्यावरच्या दिवसाविषयीची माझी तक्रार अधिक तीव्र आहे. तिसऱ्या दिवशी जैतापूरच्या खाडीत कयाक (वल्ह्याची छोटी, हलकी होडी) चालवण्याचा कार्यक्रम होता. आमच्या गटाला बारा लाइफ जॅकेटे मिळाली खरी, पण त्यांपैकी चारांची बकले तुटलेली होती आणि ती सुतळीने बांधून देण्यात आली. शिट्टी एकाही जॅकेटला नव्हती. बारा विद्यार्थ्यांमागे पाण्यात एकच प्रशिक्षक होता. दुसरा काठावर उभा होता आणि त्याच्याजवळ बचावासाठी होडी नव्हती. गटातील तिघांना पोहता येत नव्हते, ही माहिती अर्जात भरून घेतली होती, पण त्या दिवशी ती कोणी पाहिल्याचे दिसले नाही. सुतळीने बांधलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगावरून वर सरकते आणि डोके पाण्याबाहेर ठेवण्याचे त्याचे कामच उरत नाही. जमिनीवर इतका बारकाईने विचार करणाऱ्या माणसांकडून पाण्यावर ही हयगय व्हावी, याचे मला दुःख झाले.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास प्रशिक्षकांनी अचानक सर्वांना काठावर बोलावले आणि उरलेला कार्यक्रम रद्द केला. पाण्यावर निर्णय विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. आक्षेप हा आहे की रद्द करण्याचे कारण ना तेव्हा सांगितले गेले, ना रात्रीच्या बैठकीत. आम्ही काही चुकलो, कोणाची तक्रार झाली की आणखी काही, याविषयी तंबूत तर्क चालले होते. खरे कारण आम्हाला दुसऱ्या सकाळी साखरीनाटे या मच्छीमार गावाहून मासळी घेऊन आलेल्या एका वयस्क तांडेलांकडून (मासेमारी होडीच्या प्रमुखांकडून) समजले. त्यांनी वाळूवर काडीने खाडीचे मुख काढून दाखवले: ओहोटी लागली की पाणी जोराने बाहेर पडू लागते, दुपारनंतर समुद्रावरचा वारा त्याच्या समोरून येतो, आणि दोघांची गाठ पडते तेथे, मुखाशी, लाटा जवळजवळ आणि उभ्या उठतात. हलकी होडी आधी ओहोटीबरोबर तिकडे ओढली जाते आणि मग त्या लाटांत आडवी होते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो तोवर पाणी आरशासारखे दिसते, म्हणून नवख्यांची फसगत होते, असेही ते म्हणाले. म्हणजे प्रशिक्षकांचा निर्णय अगदी बरोबर आणि वेळेवर होता, माझ्यासारखा अडीच तास उशिरा नव्हता. तो आम्हाला उलगडून सांगितला असता तर शिबिरातील सर्वोत्तम धडा ठरला असता.

तांडेलकाकांचे ते दहा मिनिटांचे बोलणे वेळापत्रकात नव्हते, हीच या शिबिराची दुसरी मोठी उणीव आहे. प्रशिक्षक पुण्या-मुंबईकडचे, डोंगरात तयार झालेले आणि आपल्या कामात वाकबगार होते. परंतु ज्या किनाऱ्यावर शिबिर घेतले जाते तेथील पाण्याची जाण असलेली माणसे शिबिराला फक्त मासळी, भाकरी आणि जीपगाडी पुरवत होती. होडीवर तांडेल खलाशांना कसे सांभाळतो, वादळाची चाहूल लागली की हाती आलेली मासळी सोडून परत फिरायचे कधी, जाळे टाकायची जागा ठरवताना कोणाचे ऐकतो, हे सारे नेतृत्वाचेच शिक्षण आहे आणि ते तेथे शंभर पावलांवर उपलब्ध होते. एक पूर्ण संध्याकाळ मानधन देऊन एखाद्या तांडेलाला बोलवावे, असे मी पत्रात लिहिले आहे.

राहण्या-जेवण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, ते चांगले होते. तंबू सुरूच्या बनात होते, रात्री दव पडत असे. गावातील बचत गटाच्या स्त्रिया सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि घावणे देत, दुपारी भाकरी, कुळथाची पिठी, कधी बांगडा. तीन रात्री आम्ही स्वतः स्वयंपाक केला. मुलींसाठी स्वच्छतागृहे वेगळी व आडोशाची होती, मात्र मासिक पाळीच्या कचऱ्याची व्यवस्था दुसऱ्या दिवशी आम्ही विचारल्यावर झाली. तीन प्रशिक्षकांत एक ताई होत्या, आणि त्यांच्यामुळेच असे विचारणे सोपे गेले.

प्रथमोपचाराचे सत्र मात्र उत्तम होते, आणि ते पुस्तकी नव्हते. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर फुरसे या विषारी सापाचे प्रमाण मोठे आहे. म्हणून दगड हाताने उचलायचा नाही, बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, रात्री बॅटरीशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही, हे नियम पहिल्या रात्रीपासून कडकपणे पाळले गेले. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठायचे, आणि आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते, हे समजावून सांगितले गेले. विंचूदंशाविषयी सांगताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या प्राझोसिन या औषधावरील कामाचा उल्लेख ताईंनी केला. कोकणातील एका डॉक्टरच्या निरीक्षणांमुळे असंख्य जीव वाचले, हे मुंबईच्या मुलांना प्रथमच कळत होते. जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक, तेथवर गाडीने लागणारा वेळ आणि कोणती गाडी कायम उभी आहे, हे प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले होते.

शेवटी मिळालेल्या प्रमाणपत्राला विद्यापीठात कोणतेही श्रेयांक नाहीत, ही गोष्ट नोंदणीपूर्वी विचारून घ्यावी. आमच्यातील काही जण त्याच अपेक्षेने आले होते आणि निराश झाले. ६,८०० रुपये ही रक्कम रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सामान्य घरच्या मुलाला मोठी आहे. चोवीस जणांत किनाऱ्यावरच्या गावांतून आलेले आम्ही फक्त तिघे होतो. संस्थेने दोन जागा जरी स्थानिक महाविद्यालयांसाठी सवलतीत ठेवल्या तरी हे चित्र बदलेल. ऋतूच्या बाबतीत डिसेंबर आणि जानेवारी हेच योग्य महिने आहेत. मे महिन्यात सड्यावर कातळ इतका तापतो की दुपारची चाल अशक्य होते, आणि महिनाअखेरीस समुद्रही खवळू लागतो. तरीही सुट्टीमुळे मे महिन्यातील शिबिरांच्या जाहिराती सर्वांत जास्त असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. आपण ज्या संस्थेकडे जाणार तिला हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये, आणि तो विचारतानाच पाण्यात किती विद्यार्थ्यांमागे किती प्रशिक्षक असतील, बचावाची होडी असेल का, हेही विचारावे.

माझ्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर आले. जॅकेटे नवीन घेतली आहेत, खाडीतील दिवशी स्थानिक होडी व तांडेल सोबत राहतील आणि पाण्यावरील निर्णयांचाही रात्री आढावा घेतला जाईल, असे त्यात लिहिले आहे. उत्तराचा सूर प्रामाणिक वाटला. या डिसेंबरच्या तुकडीत माझा मावसभाऊ जाणार आहे. होडीत पाय ठेवण्यापूर्वी आपल्या जॅकेटचे बकल स्वतः दोनदा लावून-काढून पाहा, आणि ते सुतळीचे निघाले तर काठावरच बसून राहा, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.